शेखरची थंड गाडी

शेखर गेल्याची बातमी मला मोरूनंतर कळली, हे मी अजून विसरू शकलेले नाही. माझा सख्खा धाकटा भाऊ डोंबिवलीत सकाळी दाढी करताना कोसळतो, आणि त्याची बायको सुनीता पहिला फोन करते तो ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या गॅरेजवाल्याला! का, तर शेखरच्या फोनमध्ये शेवटचा नंबर त्याचा होता. मी ठाण्याहून धडपडत हॉस्पिटलात पोहोचले, तेव्हा मोरू ग्रीसने माखलेल्या शर्टातच बाकावर बसून हमसून हमसून रडत होता आणि सुनीता त्याला पाणी देत होती. मला रडूच फुटेना. आधी राग आला... माझ्या जागेवर बसला होता तो.

हा राग तसा जुनाच. शेखरची पांढरी गाडी जुनी झालेली, आणि रोज सकाळी तिची नाटकं. सेल्फ मारला की नुसती घरघर, सुरू व्हायचं नाव नाही. शेजाऱ्यांनी धक्का दिला की मग बाईसाहेब निघायच्या. विठ्ठलवाडीच्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली, कल्याणच्याने प्लग, डोंबिवलीतल्या एकाने पेट्रोलचा पंप. गंमत अशी की गॅरेजपर्यंत चालवत नेलेली गाडी तापलेली असायची, त्यामुळे तिथे ती शहाण्या मुलीसारखी चावीसरशी सुरू व्हायची. "साहेब, हिला काय प्रॉब्लेमच नाय," असं म्हणत प्रत्येकजण काहीतरी नवं बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घरघर. शेवटी कुणीतरी मोरूचं नाव सुचवलं. मोरूने गाडी रात्रभर त्याच्याकडे ठेवायला सांगितली, म्हणजे सकाळी थंड असतानाच तिची कळ सापडेल. शेखरने अट घातली, "पहिली चावी मारायची ती माझ्यासमोर." मग डोंबिवलीला जाऊन पहाटे परत येण्यापेक्षा तो माझ्याकडे, ठाण्यातच कोलशेतला, मुक्कामाला यायला लागला.

यायचा माझ्याकडे, पण जीव सगळा गॅरेजात. जेवताना मोरू असा म्हणाला, मोरू तसा म्हणाला. सकाळी मी पोहे फोडणीला टाकावेत तर हा पायात चपला सरकवून दारात उभा.

"अरे, दोन घास तरी खाऊन जा."

"नको गं ताई, मोरू थांबलाय. गाडी थंड आहे तोवर गेलं पाहिजे."

दिवाळीला मी त्याच्यासाठी म्हणून चकल्यांचा डबा भरून दिला, तर महिन्याभराने म्हणतो कसा, "ताई, मोरूला तुझ्या चकल्या जाम आवडल्या." माझा नुसता जळफळाट झाला. आमचे हे गेले तेव्हा शेखरच म्हणालेला, "मी अधूनमधून येऊन राहत जाईन." त्यावर मी फटकन म्हटलं होतं, "मला कुणाची सोबत लागत नाही. मी काय लहान आहे?" त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. आणि आता गाडीपायी मात्र न चुकता हजर! बहिणीसाठी नाही, गॅरेजसाठी... हे मला फार लागायचं. गेल्या वर्षभरात मात्र तो सकाळी निवांत बसून पोहे खायला लागला होता, वर आणखी मागून घ्यायचा. मला वाटलं, वय झालं, दमतो आता.

तेराव्यानंतर सुनीता म्हणाली, "ताई, गाडी तुमच्याकडे असू द्या, मला बघवत नाही." मला चालवता येत नाही, म्हणून मोरूच ती कोलशेतला घेऊन आला आणि आमच्या इमारतीखाली लावली. चावी हातात घेताना मी जरा खोचकपणेच विचारलं, "काय रे, सापडला का हिचा रोग शेवटी?"

"ताई, ते तर मागच्या गणपतीतच झालेलं. इंजिन थंड आहे का गरम, ते सांगणारा सेन्सर गेलेला. बदलला. त्यानंतर एकदा पण अडली नाय."

"मग तो गाडी ठेवायला कशाला यायचा?"

मोरू चपलेने जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "शेखरभाऊ बोलायचे, राहू दे रे रात्रभर तुझ्याकडे. गाडी बिघडली सांगितलं की ताई काय बोलत नाय, गपचूप गादी घालते... आदल्या रात्री फोन केलेला ना, तो पण त्यासाठीच. उद्या गाडी ठेवायला येतो बोलले."

मी तिथेच गाडीला टेकले. हॉस्पिटलात न आलेलं रडू तेव्हा आलं. पण खरं सांगू? त्यातही पोटात दुखलंच. माझ्या भावाच्या मनातली ही गोष्ट त्याने मोरूला सांगितली, मला नाही. माझी गोष्ट होती ना ती!

बॅटरी उतरू नये म्हणून गाडी अधूनमधून सुरू करायला मोरूने सांगितलंय. चावी कशी फिरवायची ते त्यानेच शिकवलं. रविवारी सकाळी पोहे झाकून ठेवते आणि खाली उतरते. रात्रभर उभी राहून गाडी गार पडलेली असते. दार उघडून शेखरच्या सीटवर बसते, आणि दर वेळी मनात एकच... आज तरी अड गं बाई. एकदाच. चावी फिरवते, आणि मेली पहिल्या झटक्यात सुरू होते.