उत्तरेकडची तुळई

त्या चर्चच्या छपराची पाहणी मी केली असं कागदोपत्री आहे. खाली माझी सही आहे. खरं म्हणजे मी निम्मंच छप्पर पाहिलं होतं. चार वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. मी मुळात कमी बोलणारा. त्यामुळे मी गप्प असलो की लोक तो स्वभावच धरतात, आणि हे माझ्या चांगलंच पथ्यावर पडलं.

ड्रेस्डेनच्या एका छोट्या ऑफिसात मी जुन्या इमारतींच्या लाकूडकामाचं बघतो. हे काम आलं दोन तासांवरच्या, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या एका गावातून. फार पूर्वी तिथे झऱ्यांवर उपचाराला येणाऱ्या इंग्रजांनी त्यांच्याकडच्या खेड्यात असतं तसं चर्च बांधून घेतलं होतं. आता गावातले जर्मनच तिथे प्रार्थनेला जमतात.

इंग्लंडातल्या खेड्यांमधली चर्चं एका दमात उभी राहिलेली नसतात. एक पिढी बुरुज चढवते, पुढची बाजूला ओवरी काढते, तिसरी खिडक्या मोठ्या करते. त्यामुळे डावं-उजवं कधी सारखं नसतं. या लोकांनी तो विसंगतपणाही हौसेनं उचलला होता. ठेंगणा चौकोनी बुरुज, त्याच्या माथ्यावर किल्ल्यासारखे दात, पण तो मधोमध नाही, उत्तरेच्या कोपऱ्यात, मागाहून सुचल्यासारखा. आत छताला तक्तपोशी नाही. भिंतीतून पुढे आलेल्या आखूड तुळयांवर छपराच्या लाकडी कैच्या पेललेल्या, आणि प्रत्येक तुळईच्या टोकाला पंखवाला एक चेहरा कोरलेला. बुरुज आणि छप्पर जिथे भिडतात तिथे पाणी साचणार, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. मलाही कळलं होतं.

शिवाय मला सांगितलंही गेलं होतं. चर्चची देखभाल करणारी बाई, तिथे तिला क्युस्टरिन म्हणतात, साठीची, पायात रबरी बूट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. दार उघडतानाच म्हणाली, "आल्झो, तर मग, बुरुजाच्या कुशीतली ती तुळई आधी बघा. पाऊस झाला की तिथे वास येतो. तळघरात विसरलेल्या बटाट्यांसारखा."

"बघतो," मी म्हणालो.

दक्षिणेकडच्या सगळ्या तुळया मी शिडी लावून नीट तपासल्या. हातोडीनं ठोकल्या, टोकं टोचून पाहिली. लाकूड खणखणीत. मग शिडी घेऊन उत्तरेला आलो आणि थांबलो. तिकडची जमीन सगळी स्मृतिशिळांची होती. इथे येऊन आजारात गेलेल्या इंग्रजांची नावं, एकाला लागून एक, कोरलेली. शिडीचे पाय त्या नावांवरच टेकणार. बूट घालून मीही त्यावरच उभा राहणार.

वहीला पाय लागला तर ती कपाळाला लावायची आणि मेलेल्या माणसाला ओलांडायचं नाही, एवढंच मला लहानपणी शिकवलं होतं. ते इतक्या वर्षांनी असं पायात येईल असं वाटलं नव्हतं. पण लाज मला त्याची वाटत नाही. ते बोलून दाखवायची लाज वाटली, याची वाटते. कँटीनमध्ये कुणी "तुमच्यात हे चालतं का?" असं विचारलं की "मी त्यातला नाही" असं मी वर्षानुवर्षं हसून सांगत आलो होतो. आता त्या बाईला काय सांगणार, की मला इथे पाय ठेववत नाही? ती दुपारची घंटा वाजवायला बुरुजात गेली होती. ती परत यायच्या आत मी शिडी मिटवली.

ऑफिसात दक्षिणेचं रेखाटन कॉम्प्युटरवर उलटवून उत्तरेला चिकटवलं. एक क्लिक. आकडे तेच, शेरा तोच: दोन्ही बाजू निर्दोष.

दोन हिवाळ्यांनंतर त्या तुळईचं टोक भिंतीतून सुटलं आणि तो पंखवाला चेहरा खालच्या बाकावर येऊन फुटला. आत कुणी नव्हतं, हे नशीब. चर्चच्या समितीची बैठक झाली, मलाही बोलावलं. अध्यक्ष सरळ माणूस. त्यांनी माझा अहवाल वाचला आणि म्हणाले, लाकूड तेव्हा चांगलं होतं, म्हणजे कुजलं ते नंतर. पन्हळ तुंबली असणार. पन्हळ साफ करायचं काम त्या बाईचं.

"मी यांना वासाबद्दल सांगितलं होतं," ती म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

तिनं वाद घातला नाही. जुडग्यातून स्वतःच्या घराची किल्ली नखानं खटपट करून सोडवली आणि बाकीचा जुडगा टेबलावर ठेवला. ती किल्ली निघायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं.

यंदा दुरुस्ती करणाऱ्या सुतारानं ऑफिसात फोटो पाठवले. सोबत एक ओळ: ही कूज जुनी आहे, निदान वीस वर्षांची. आमच्या साहेबांनी ते फाइलला लावून टाकले. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा बायकोला सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. "तिला सांगितलंस?"

"नाही."

"लोकांची लाकडं ठोकून आतून पोकळ आहेत का ते सांगतोस. पगार त्याचाच घेतोस ना?"

पुढच्या शनिवारी मी त्या बाईच्या घरी गेलो. तिनं स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली नाही. मी सगळं सांगितलं. शिळांचं, नावांचं, शिडीचंही. शिळांचं ऐकताना फक्त एकदा तिच्या भुवया हलल्या.

"खाली कुणी नाहीये. माणसं दफनभूमीत आहेत, तिथे नुसती नावं. विचारलं असतंत तर फळ्या टाकून दिल्या असत्या. घंटेची तपासणी करायला येतो त्यालाही देते." मग स्वतःच दुरुस्त केलं, "द्यायचे."

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तुम्ही सांगितलं होतं. मला चांगलं आठवत होतं."

"गेनाऊ, अगदी बरोबर. ते मलाही माहीत आहे." ती उठली, खिडकी उघडली. "मला कशाला सांगताय? मी तिथे होतेच की. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

खरं सांगतो, तिथे जाताना वाटलं होतं की तिला सांगितलं की झालं. ती रडेल, किंवा ओरडेल, आणि मी मोकळा होऊन घरी जाईन. बंद दाराआड, दोघांतच. त्या बाईनं मला तेवढंही दिलं नाही, आणि तिचंच बरोबर होतं.

ऑफिसात साहेबांना आधी सांगितलं. त्यांनी माझ्या जुन्या अहवालांची यादी मागितली. मग समितीच्या बैठकीला गेलो. तेच टेबल, तीच सात-आठ माणसं. ती बाई आली नव्हती. मी उभा राहून सांगितलं: उत्तरेची बाजू मी पाहिली नव्हती, बाईंनी मला वासाबद्दल सांगितलं होतं, आणि इथे बसून मी खोटं बोललो.

इतिवृत्त लिहिणारी मुलगी कीबोर्डवरून मान वर करून म्हणाली, "माफ करा, शेवटचं वाक्य राहिलं. पुन्हा सांगाल? जरा सावकाश."

मी पुन्हा सांगितलं. सावकाश. ती एकेक शब्द टाइप करत होती आणि ती थांबेपर्यंत मला पुढचा शब्द बोलता येत नव्हता.