दिराच्या वजनाच्या छत्तीस नोंदी

५ जून २०००, सोमवार. खर्च सहाशे चाळीस रुपये: डॉक्टरांची फी, महिन्याच्या गोळ्या आणि तिघांचं एसटीचं भाडं. पुण्याच्या मनोविकारतज्ज्ञांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. डॉक्टर, माझे यजमान, मी आणि माझे धाकटे दीर. भाऊजी तेव्हा एकतीस वर्षांचे, वजन एकोणपन्नास किलो.

त्याआधी सात वर्षं त्यांना इंजेक्शनं चालू होती. कानात येणारे आवाज कमी झाले, पण हात लाकडासारखे व्हायचे, तोंडातून लाळ गळायची. दिवसभर ओट्यावर एका जागी बसून असायचे. त्या दिवशी लिहून दिलेली नवी गोळी रात्री एकच. दोन महिन्यांत भाऊजी हसायला लागले, जनावरांना वैरण घालू लागले आणि तिप्पट जेवू लागले.

मी शिनोलीजवळच्या एका वाडीवर अंगणवाडी चालवते. दर महिन्याला पोरांची वजनं घ्यायची, तक्त्यावर ठिपका द्यायचा, ठिपके जोडायचे. रेषा वर गेली की पोर चांगलं, आडवी पडली की आईला बोलावून घ्यायचं. इतकी वर्षं हेच डोळ्यांत बसलेलं. भाऊजींनाही मी महिन्याला आरोग्य उपकेंद्रातल्या काट्यावर उभं करायचे आणि कोऱ्या वहीत त्यांचा तक्ता काढायचे.

"त्यो काय तुझ्या अंगणवाडीचं पोर हाय का?" यजमान म्हणायचे. "खाऊ पण देतीस का हातावर?"

पावणेतीन वर्षांत एकोणपन्नासाचे शहात्तर किलो झाले. शेजारच्या आत्याबाई म्हणाल्या, "लई बाळसं धरलं गं! आता बांधा मुंडावळ्या." तक्ता मी डॉक्टरांनाही दाखवला. "छान," एवढं म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मार्च २००३ नंतर रेषा खाली वळली. शहात्तर, एकाहत्तर, मे महिन्यात चौसष्ट. माझ्या हिशोबात याचा एकच अर्थ होता: भाऊजी गोळी थुंकतायत. इंजेक्शनं सुरू होण्याआधी गोळ्या होत्या, तेव्हाही त्यांनी ते केलं होतं.

"भाऊजी, तोंड उघडा. जीभ वर करा."

"वहिनी, गिळली म्या. खोटं न्हाई बोलत."

"मग वजन कुठं गेलं?"

"मला काय ठावं? लई तहान लागती. तांब्यामागं तांब्या पितो, तरी घसा कोरडाच."

त्यांची तहान मी खरी धरलीच नाही. पूर्वी विहीर आपल्याला हाक मारते म्हणायचे, त्यामुळे पाण्याचं काहीही बोलले की तो आजारच, असं मी ठरवून टाकलं होतं. रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठायचे. गोळीनं गाढ झोप लागायची, ती उडाली म्हणजे गोळी पोटात नाही, असं मी धरलं. गेलेलं वजन भरून काढायला रोज दोन रव्याचे लाडू आणि दुपारी उसाचा रस सुरू केला. समोर बसून संपवायला लावायचे.

"नको वाटतंय वो."

"माझ्यासाठी खा."

आणि ते खायचे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाऊजी गोठ्यात पडले. श्वास जोरजोरात, शुद्ध अर्धवट. मंचरच्या एका दवाखान्यात रक्त तपासलं, साखर चारशे शहाऐंशी. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"या गोळीनं भूक वाढते, वजन वाढतं आणि काहींना मधुमेह होतो. मधुमेह फार वाढला की माणूस खाऊनही वाळतो. यांची साखर याआधी कधी तपासली होती?"

तीन वर्षांत एकदाही नाही. वजनाच्या मात्र छत्तीस नोंदी होत्या.

भाऊजी वाचले. नऊ दिवसांनी घरी आले ते इन्सुलिनची सुई घेऊनच. पुढच्या महिन्यात मी त्यांना घेऊन पुण्याच्या डॉक्टरांशी भांडायला गेले.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"सगळ्यांनाच होत नाही. आणि सांगितलं असतं, तर तुम्ही गोळी दिली असती का?"

"ते आम्ही ठरवलं असतं. साखर तरी बघितली असती."

ते म्हणाले, "वाढलेलं वजन तुम्हीच तर आनंदानं दाखवत होतात."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. पण त्या रेषेचा अर्थ मला ठाऊक नव्हता. त्यांना ठाऊक होता आणि ते छान म्हणाले होते. गोळी एकदम बंद करायची नाही, आजार उलटेल, असं सांगून त्यांनी ती हळूहळू बदलायला दुसरी लिहून दिली. दर तीन महिन्यांनी साखर तपासा, हेही लिहिलं.

मग भाऊजी माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाले, "सायेब, मी गोळ्या रोज घेत व्हतो. तेवढं लिवा की त्या कागदावर."

"त्याची काही गरज नाही," डॉक्टर म्हणाले.

मला मान वर करता आली नाही. फी दोनशे रुपये झाली. दारावरच्या बाईंना दिले आणि पावती घेतली.