पूजेतली काडतुसं

आधी मालकीणबाईंचं सांगतो, कारण त्या दिवशी त्या बोलल्या नसत्या तर आज मी या धंद्यात नसतो. वाशीमला बंदुकांच्या ज्या दुकानात मी कामाला होतो, त्या दुकानाच्या मालकांच्या या पत्नी.

मी समुद्राकाठचा, चौथीतून शाळा सोडलेला. वऱ्हाडात माझं म्हणावं असं कोणी नव्हतं. लढाईमुळे विलायती काडतुसं येईनाशी झाली, तेव्हा चांदमारीची, म्हणजे नेमबाजीची हौस असणारे परवानेवाले पिस्तुलाची उडवलेली काडतुसं आमच्याकडे परत आणत आणि मी ती नव्याने भरून देई. पितळी नळी घासायची, बुडाची ठिणगी पाडणारी टोपी फुटलेली असे, ती काढून नवी बसवायची, दारू तोलून घालायची, वर शिशाची गोळी. एखादं वाजलं नाही तर, या धास्तीने मी प्रत्येक माप दोनदा तोली. मालक हसत, "सोनं तोलून राह्यला का बे?"

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी एका पेन्शनर सुभेदारांनी डबा गल्ल्यावर आपटला. उडवलेल्या सहातली चार काडतुसं नुसती टक् करून बसली होती, तीही अकोल्याच्या पाहुण्यांसमोर. कोणी भरली, म्हणून त्यांनी विचारलं. मालकांनी माझ्याकडे बोट केलं आणि जागच्या जागी कागद लिहून पुढे सरकवला: भरण्यात कसूर माझी. त्यावर सही केली असती तर कुठल्याच बंदुकांच्या दुकानाने मला पायरी चढू दिली नसती.

"कर सही, बाप्पा. चौथी शिकला तं नाव तरी येत असन," मालक म्हणाले.

"सही येते मला. म्हणूनच करणार नाही."

सुभेदारांच्या डब्याबरोबरच, त्याच दारूने भरलेला दुसरा डबा कपाटात होता. तो उडवून बघा, एक जरी फुसकं निघालं तर मी आपणहून जातो, म्हटलं. सुभेदारही हट्टी. तसेच चांदमारीच्या माळावर गेलो. बाराच्या बारा वाजली.

दुकानात परतलो तर मालक म्हणाले, ते तुझं नशीब. हा डबा का नाही वाजला ते सांग.

ते मला येतायेताच उमगलं होतं. खंडेनवमीला दुकानातल्या हत्यारांबरोबर सुभेदारांचा डबाही पूजेत मांडला होता. टोप्यांवरचं हळदकुंकू नंतर मीच फडक्याने पुसलं. बोटं तेलकट झाली तरी मनावर घेतलं नाही. तेवढी चूक मी कबूल केली. पण तेल लावलं कोणी, ते गिऱ्हाइकासमोर मी सांगणार नव्हतो. मालकांनी दोनदा विचारलं.

तेवढ्यात आतल्या दाराचा पडदा सरला. दुकान उघडं असताना मालकीणबाई कधी बाहेर येत नसत.

"त्याले काय विचारता? म्या लावलं तेल. एकेकाले बोटानं, हळद चिकटली पाह्यजे म्हनून. तेलानं टोपी मरते, हे मले कोनं सांगितलं होतं?"

सुभेदारांनी एक काडतूस उजेडात धरलं. टोपीच्या कडेने पिवळं तेल आत उतरलेलं स्पष्ट दिसत होतं. कागद त्यांनीच फाडला. मालक आठवडाभर बाईंशी बोलले नाहीत.

माझं स्वतःचं दुकान अजून झालेलं नाही. परवाना मिळेल की नाही, ही काळजी आजही आहे. पण ज्या साली होईल, त्या साली खंडेनवमीची पूजा मालकीणबाईंच्याच हातची. मी स्वतः जाऊन त्यांना मानाने घेऊन येईन. मधोमध रिकाम्या काडतुसांचं ताट ठेवीन आणि म्हणेन, बाई, लावा तेल, हवं तेवढं.