वाजवायचे दात

हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. आमच्या बाबांचे वाजवायचे दात तिसरेच, आणि त्यातला समोरचा, वरचा, हलायला लागला होता.

आम्हाला कळलं तेव्हा हिरडीत पू झाला होता. कित्येक महिने हा माणूस एकाच बाजूने घास चावत होता आणि विचारलं की "काही नाही गं" म्हणत होता. असा संताप आला मला!

बाबा सैन्याच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. लढाई लागली की बँडवाल्यांची वाद्यं पेटीत जातात आणि हातात स्ट्रेचर येतं. बाबांनी गोळीबारातून जखमी उचलून आणले आहेत. निवृत्त झाल्यावरही रोज संध्याकाळी खिडकीशी उभं राहून वाजवणं चालूच. आई ट्रम्पेटला 'माझी सवत' म्हणायची आणि थोड्या वेळाने ओरडायची, "पुरे आता! शेजाऱ्यांना काय वाटेल?"

तर असा हा शूर शिपाई दाताच्या डॉक्टरकडे जायला चळाचळा कापत होता. खुर्चीत बसल्यावर त्यांनी खिशातून ट्रम्पेटचा माउथपीस काढला आणि ओठांवर दाबून दाखवला. "डॉक्टर, सगळा जोर इथेच येतो. हा दात गेला तर मी संपलो."

"आजोबा, पू जबड्यात उतरला तर काय करणार?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खोटा दात बसवते. वाजवता येईल की नाही, ते मात्र नाही सांगू शकत."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काढा."

पुढे तो शब्द मलाच खात राहिला. ट्रम्पेटची पेटी पलंगाखाली गेली. संध्याकाळी घर खायला उठायचं.

खोटा दात बसला त्या दिवशी बाबा पेटी घेऊन आतल्या खोलीत गेले आणि कडी लावली. स्वयंपाकघरात आईने भांडी घासायची थांबवली, नळ बंद केला. आतून नुसती हवा आली. फुस्स. पुन्हा फुस्स. मग एक सूर निघाला, चिरका, आणि मध्येच फाटला. त्यानंतर पेटीचा खटका लागल्याचा आवाज आला.

आई ताडकन उठली आणि ओल्या हातांनी दार बडवायला लागली. "अहो, वाजवा! शेजारी गेले खड्ड्यात, तुम्ही वाजवा!"

आत खटका उघडला. पुन्हा फुस्स झालं, आणि आई तिथेच दाराला टेकून ऐकत बसली.