न थांबलेला हप्ता

बोईसरच्या कारखान्यात तो माझ्याच पाळीत आहे. एडवणहून एसटीने येतो. ओव्हरटाइम बंद झाला त्या वर्षी त्याने मोटरसायकल विकली, पण म्युच्युअल फंडाचा महिन्याचा हप्ता चुकू दिला नाही. जेवताना काही विचारलं तर तो आधी घास संपवतो आणि मगच उत्तर देतो. तोवर विचारणारा दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.

परवा शेअर बाजार कोसळला. मी सकाळीच माझा हप्ता बंद केला होता. कँटीनमध्ये त्यालाही म्हणालो, "भाऊ, थांबव आता. बुडतील सगळे पैसे."

त्याने घास संपवला. "नारळ लावल्यावर रोज उपटून मुळं बघतो काय आपण?"

"शेठ म्हातारपणी चांदीच्या ताटात जेवणार!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले, मीही हसलो. खरं म्हणजे त्याने थांबावं असं मला फार वाटत होतं. तो थांबला असता, तर माझी भीती शहाणपणासारखी दिसली असती.

तो हसला नाही. "माज्या म्हातारपणाचं नाय रे. पोरगी लग्नाच्या वयाची झाली, पण अजून तिची वेणी मी घालतो, तिला घास मी भरवतो. आमी दोघं गेल्यावर तिचं म्हातारपण हाय."

मग त्याने डबा धुतला, पुसला आणि तो कामावर गेला.

माझी दोन्ही मुलं धडधाकट आहेत, कमावती आहेत. तरी घाबरलो होतो तो मी.