बॅगेवरची आजी

व्हेनिसमध्ये बस म्हणजे बोट. आमची बॅग इतकी मोठी, की चढताना मीच तिचं सामान वाटत होतो.

बोटीत बसायला जागा नव्हती. भाजीची पिशवी घेऊन चढलेल्या तिथल्या एक आजी बिनदिक्कत आमच्या बॅगेवर टेकल्या आणि पेंगू लागल्या.

आमचा थांबा आला. तो चुकला, तर पुढच्या थांब्यावरून परत येताना दोन पुलांच्या पायऱ्यांवरून ते धूड मलाच उचलून आणावं लागणार होतं. मी आजींना उठवायला वाकलो.

"अहो, राहू द्या," बायको म्हणाली. "तुमची दुपारची झोप मोडली की घर डोक्यावर घेता ना?"

थांबा मागे पडला. परक्या गावानं आपल्या सामानावर इतकं निर्धास्त झोपावं, याचं मला बरंच वाटलं. वळणावर बोट कलली, तसा मी बॅगेचा दांडा दोन्ही हातांनी धरला.