मामाचं रेशमी जाळं

सोलापूरला समुद्र नाही याचं खरंखुरं दुःख अख्ख्या शहरात एकाच माणसाला होतं, आणि तो माझा मामा होता. बाकीची माणसं पाऊस नाही म्हणून कष्टी असत, मामा समुद्र नाही म्हणून. हायस्कुलात तो शास्त्र शिकवायचा. तरुणपणी चार महिने रत्नागिरीला राहिला होता. तिथे कुणीतरी त्याला सूक्ष्मदर्शकातून समुद्राच्या पाण्याचा एक थेंब दाखवला, आणि त्या थेंबात मामा जो पडला तो कायमचा. पुढे नोकरी लागली सोलापुरात. मग समुद्राची हौस त्यानं एकरूखच्या तलावावर भागवली. पाण्यात तरंगणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव दर रविवारी जाळ्यात धरायचे, मोजायचे आणि वहीत लिहायचे, असं अकरा वर्षं चाललं होतं. मी त्याच्याकडे शिकायला राहिले तेव्हा पंधरा वर्षांची होते, आणि माझ्यासारखी हुशार मुलगी जिल्ह्यात दुसरी नाही असं माझं मत होतं. हे मत दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

रविवारी गिरणीचा पहिला भोंगा झाला की टांगा दारात. तलावाच्या काठचा तोच दगड, तीच दोरी, तीच तीस हात ओढ. मैदा चाळायच्या परदेशी रेशमाचं, टोपीसारखं निमुळतं जाळं मामीनं शिवून दिलेलं होतं. ते ओढायचा वेग चुकू नये म्हणून मामा मनात एकोणतीसचा पाढा म्हणे. पाढा संपला की जाळं बाहेर. एकदा मधेच शिंक आली आणि पाढा अडला. त्या दिवशीच्या आकड्यापुढे त्यानं प्रामाणिकपणे 'शिंक' असं लिहून ठेवलं. मेंढरं पाण्यावर आणणारा एक म्हातारा धनगर हे सगळं बघत उभा असे.

"मास्तर, अकरा वरसं झाली की. एक मासा बी घावंना व्हय?"

"मासा नकोच आहे मला. मेंढरं जरा पलीकडे पाज रे, पाणी ढवळतंय."

"आता किड्यांस्नी बी सोवळं लागतंय व्हय? लई झालं की!" असं तो म्हणे, पण मेंढरं पलीकडे नेई.

मग कुठल्याशा विलायती मासिकात मामानं वाचलं, की तिकडे जहाजामागे एक पेटी बांधतात आणि तिच्यातल्या रेशमाच्या पट्टीवर समुद्रातले जीव धरतात, वर्षानुवर्षं. तासभर तो आनंदात होता आणि मग नेहमीप्रमाणे काळजीत पडला. "जहाज बदलणार, वेग बदलणार, रेशीम बदलणार. मग यंदाचा आकडा गेल्या सालच्या आकड्याशेजारी कोणत्या तोंडानं बसवायचा?"

मामी भाकरी थापत म्हणाली, "त्यांचा समुद्र, त्यांचं रेशीम. तुम्ही का झुरताय?"

पण झुरायला लवकरच घरचं कारण मिळालं. तलावातले आकडे उतरायला लागले. महिन्यामागून महिने कमी, आणखी कमी. "तलाव मरतोय," मामा म्हणायचा, आणि ताटावरून अर्धपोटी उठायचा. शेवटी अकरा वर्षांचा तक्ता करून त्यानं त्याच मासिकाकडे विलायतेला धाडला. उत्तर आलं: छापू, पण पद्धतीत काही बदल झाला नाही याची खात्री द्या. मामाची मान ताठ झाली. अक्षर चांगलं म्हणून जबाबाची सुबक नक्कल करायला मी बसले आणि एका वाक्याशी अडले. अकरा वर्षांत या जाळ्याला तलावाच्या पाण्याखेरीज काही लागलेलं नाही, असं ते वाक्य होतं.

"मामा, रिठा चालतो का?"

"कशाला?"

"जाळ्याला."

मागे एकदा जाळ्याला वास मारत होता. सोवळ्याचा रेशमी कद रिठ्यानं धुतात हे मला ठाऊक होतं. कोमट पाण्यात धुतात हे नव्हतं. मी कढत पाण्यात बुचकळून काढलं. वाळल्यावर वीण कशी गच्च झाली ते बघून, आपण केवढी सुगृहिणी होणार, म्हणून स्वतःवरच खूश झाले होते!

मामानं जाळं सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. रेशमाची चौकोनी भोकं आकसली होती आणि त्यात गाळ बसत बसत पार मिटत आली होती. पाणीच आत शिरत नव्हतं, तर जीव कुठून येणार? तो बराच वेळ वाकून बसला. मी रागाची वाट बघत होते. "म्हणजे तलाव जिवंत आहे," तो म्हणाला. मग सावकाश विचारलं, "कधी धुतलंस?"

मला सगळं आठवत होतं. हिरवा परकर, मामी अक्कलकोटला गेलेली, शेंगाच्या चटणीत मीठ जास्त पडलेलं. "श्रावण असेल. नाही, भाद्रपद."

"तारीख, पोरी. तारीख असती तर तिथं रेघ मारली असती. अलीकडचं वेगळं, पलीकडचं वेगळं. आता रेघ कुठं मारू?"

"आकडे उतरले तिथं मार की," मी हुशारी केली.

"आकड्यांवरून रेघ मारायची, आणि त्या रेघेवरून आकडे खरे म्हणायचे?"

त्याच दिवशी त्यानं मला नवं पत्र लिहायला सांगितलं: जाळ्यात बदल झाला आहे, तो केव्हा झाला हे सांगता येत नाही, सबब तक्ता रद्द समजावा. "माझं नाव घालू?" मी विचारलं. "जाळं माझं होतं," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी तो उठणार नाही अशी माझी खात्री होती. भोंगा झाला आणि टांगा आला. मामीनं रात्रंदिवस बसून शिवलेलं कोरं जाळं घेऊन आम्ही गेलो. मामानं पाढा म्हटला, जाळं काढलं, कोरी वही माझ्यापुढे धरली. तारीख मी एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिली, की निम्मं पान तिनंच खाल्लं. तो पाण्याकडे बघत राहिला.

"वीसेक वर्षांचे आकडे झाले, की तलाव काय म्हणतोय ते थोडं थोडं कळायला लागेल."

त्याला तेव्हा पंचावन्नावं सरत होतं. बेरीज मी मनातल्या मनात केली आणि खाली मान घालून दोरी गुंडाळायला घेतली.

"हळू," मामा म्हणाला. "ताणेल ती."